मामाजींची करंगळी

"थांबा. हात सांगते."

एवढं म्हणून ते डोळे मिटायचे. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं, यांत धानाची चिमूट धरायची, ती कानाजवळ न्यायची आणि हळूहळू चोळायची. ट्रॅक्टरवरचा शेतकरी, काट्यावरचा माणूस, पोती उतरवणारे हमाल, सगळे तेवढा वेळ गप्प. मग डोळे उघडून ते एक आकडा सांगायचे. "सोळा. उद्याचं ऊन दाखवा, मंग आना." शेतकरी हूं की चूं न करता ट्रॅक्टर वळवायचा.

गोरेगावहून गोंदियाकडे निघालं की रस्त्याला लागून ज्या राइस मिल दिसतात, त्यांतल्या एकीच्या फाटकावर आम्ही दोघं असायचो. आलेलं धान किती ओलं, किती सुकं हे बघून आत घ्यायचं की परत पाठवायचं, हे आमचं काम. ओलं धान साठवलं तर तापतं आणि पिवळं पडतं. फार सुकलं तर दाणा आतून चिरतो आणि मिलमध्ये त्याची कणी होते. मधल्या दोन-तीन टक्क्यांत सगळा खेळ. तो खेळ ते तीस वर्षं बोटांनी खेळत होते आणि मी सात वर्षांपासून मशीनने. त्यांचं नाव सांगत नाही. तसंही ते कोणी घेत नव्हतं. सगळे त्यांना मामाजी म्हणायचे, वयाने मोठे असलेले मिलचे शेठसुद्धा. मला सगळे बाबू म्हणायचे, आणि ज्या सुरात म्हणायचे त्यात मान कमी आणि माझा चष्मा जास्त होता.

सरळच सांगतो, मी त्यांच्यावर जळायचो. तुमच्याही कामाच्या जागी असा एखादा माणूस असेल. त्याला कोणी नेमलेलं नसतं, त्याच्याकडे कसला कागद नसतो, आणि तरी तो बोलला की संपलं. मी बी.एस्सी. झालेलो. माझ्याकडे ओलावा मोजायचं मशीन. वाटीत धान भरायचं, झाकणाचा स्क्रू आवळायचा, बटण दाबायचं, की पडद्यावर दशांशासकट आकडा. मी तो मोठ्याने वाचायचो आणि शेतकरी माझ्या खांद्यावरून मामाजींकडे बघत राहायचा. मामाजी बोटं चोळून तोच आकडा सांगायचे. मग शेतकऱ्याची मान हलायची. मामाजी माझ्या मशीनवर थाप मारून म्हणायचे, "मशीन बी बरोबर बोलते गा." अभ्यासात जेमतेम असलेल्या पोराचं कौतुक करावं तसं.

चहा आधी त्यांच्यापुढे यायचा. थंडीत उन्हाची जागा त्यांची. गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी बायका पदराच्या टोकाला चिन्नोर या सुवासिक तांदळाचे दाणे बांधून फाटकावर यायच्या. मामाजींनी नुसता हात लावावा, जुना आहे की नवा एवढं सांगावं. या बायकांत एकदा माझी बायकोही होती. मी समोर मशीन घेऊन बसलेलो. तिने माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि गाठ मामाजींपुढे सोडली. घरी आल्यावर मी दोन दिवस तो भात नीट जेवलो नाही.

पण खरं दुखणं बायकोचं नव्हतं. ते माझ्या वडिलांचं होतं.

आमची चार एकर धानाची शेती. वडील दरवर्षी धान आमच्याच मिलला आणतात. मी नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी त्यांची बैलगाडी फाटकावर आली तेव्हा मी मशीन पुसून तयार होतो. माझ्या मनात त्या प्रसंगाचं पुष्कळ काही होतं. मी वाटी भरली, स्क्रू आवळला, आकडा वाचला. वडिलांनी तो ऐकलाही असेल. मग ते माझ्या बाजूने पलीकडे गेले आणि पोत्यातली मूठ मामाजींपुढे धरून म्हणाले, "पोरापाशी मशीन हाय म्हना, पन तुमी हात लावा."

पुढची सहा वर्षं हेच झालं. दर वर्षी मूठ मामाजींपुढे, आणि मी बाजूला.

साधारण पाचव्या वर्षी मामाजींच्या हाताची ढब बदलली. एक म्हणजे ते दोन चिमटींच्या मध्ये हात मनगटातून झटकू लागले, ओला हात झटकतो तसा. दुसरं म्हणजे चिमूट अंगठा आणि पहिल्या दोन बोटांतून सरकली. आता ते धान तळव्यावर ओतून घ्यायचे आणि अनामिका आणि करंगळी यांनी घोळवायचे. फाटकावर याची चर्चा झाली. एक हमाल म्हणाला, "मागच्या पोत्याची ओल बोटात राहू नये म्हनून हात झटकते." दुसरा म्हणाला, "करंगळीची कातडी नरम असते. तिले जास्त समजते. मामाजी आता त्या पायरीपर्यंत पोचले." 

महिनाभरात काट्यावरचा माणूस करंगळीने धान बघू लागला. दलाल बघू लागले. पलीकडच्या मिलचा पारखी येऊन बघून गेला आणि तिकडेही करंगळी सुरू झाली. हसू नका, मीही केलं. घरी तांदळाच्या डब्यासमोर बसून मी करंगळीने दाणे घोळवायचो, हात झटकायचो, पुन्हा घोळवायचो. बायको दारातून म्हणाली, "काय हरवलं का डब्यात?" मला काहीही समजत नव्हतं आणि त्यामुळे मी आणखीच चिडत होतो, की या माणसाला वयाच्या साठीला नवीन विद्या येते आणि मला मशीनसकट काही येत नाही.

आणखी एक बदल झाला होता, तो मात्र मी माझ्या बाजूचा समजलो. पूर्वी मामाजी आधी बोलायचे, मग मी. आता ते म्हणू लागले, "पहिले मशीनले बोलू द्या." आणि माझ्या उजव्या खांद्याला लागून उभे राहू लागले. मला वाटलं, उशिरा का होईना, म्हाताऱ्याने आपल्याला मानलं. त्या हिवाळ्यात मी थोडा खूशही होतो. आता मी आकडे मोठ्याने वाचत नव्हतो. नंतर मामाजींनी तोच सांगायचा, तर आधी आपण कशाला ओरडायचं, असा माझा रुसवा.

मागच्या दिवाळीनंतर वडील भारी, म्हणजे उशिरा निघणारं धान घेऊन आले. आता ट्रॅक्टर होता. मी मोजलं. सतरा. मला जरा जास्त वाटलं, पण मशीन म्हणालं ते म्हणालं. मामाजी करंगळीने धान घोळवून म्हणाले, "सतरा. दोन दिवस ऊन द्या."

वडिलांनी एक दाणा दाताखाली धरला. कट्ट आवाज मीही ऐकला. सुकलेल्या दाण्याचा तो आवाज असतो. वडील थोडा वेळ मामाजींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमचा हात म्हनते तं वाळवतो." आणि ट्रॅक्टर वळवला. दोन दिवस त्यांनी आणि आईने ते सगळं धान अंगणात पसरलं, पायाने फिरवलं, गोळा केलं. परत आणलं तेव्हा दाणा दाण्याला चिरा गेल्या होत्या आणि मिलमधून अर्धी कणी पडली. वडील एक शब्द बोलले नाहीत. मामाजींनी सांगितलं होतं ना.

त्याच संध्याकाळी मशीन पुसताना मला दिसलं, की त्याच्या मागचा धान्य निवडायचा खटका गव्हावर आहे. शेठच्या घरचा गहू मी तीन दिवसांपूर्वी मोजला होता आणि खटका परत धानावर आणायचा विसरलो होतो. तीन दिवस मी सुक्या धानाला ओलं म्हणत होतो. पहिल्यांदा अंगाला घाम फुटला. मग एक विचार आला आणि घाम थांबला. चूक मशीनची झाली होती. मग मामाजींचा हात सतरा कसा म्हणाला?

दुसऱ्या दिवशी मी डाव टाकला. खटका धानावर होता, मशीन चौदा दाखवत होतं. मी पडदा तळव्याने झाकला. मामाजी माझ्या खांद्याशी आले, थांबले, आणि म्हणाले, "बाबू, आज काय म्हनते मशीन?" मी म्हटलं, "अठरा." त्यांनी करंगळी फिरवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "अठरा. हात सांगते." त्या शेतकऱ्याला मी पलीकडे नेऊन परत मोजलं आणि आत घेतलं. दुपारी पुन्हा केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तिन्ही वेळा मामाजींनी माझी थाप जशीच्या तशी परत दिली.

तेव्हा मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मला आनंद झाला. दोन वर्षं लोक ज्या हाताला मान देत होते तो माझाच आकडा होता. ज्या आकड्यापुढे माझ्या बापाची मान हलत होती, तो मी मोजलेला. मी घरी जाताना मोटारसायकलवर गाणं म्हणत गेलो.

संधी तर चालत आली. त्याच आठवड्यात शेठने मला आत बोलावलं. पुढच्या हंगामात ते मोठं मशीन बसवणार होते, पोत्यातून नमुना आपोआप काढणारं. "फाटक पे दो आदमी का क्या काम, बाबू? एक रखेंगे. मामाजी पुराने हैं, उनको ऐसे कैसे बोलूं. तुम सच बताओ, उनका हाथ अब भी वैसाच है क्या?"

एक शब्द पुरे होता. तो माझ्या जिभेवर होता.

मी म्हटलं, "वैसाच है, शेठजी."

तुम्ही माझ्याबद्दल काही चांगलं समजाल म्हणून सांगतो, की यात मोठेपणा नव्हता. मामाजींचा हात खोटा ठरवायचा तर आधी मशीन तीन दिवस गव्हावर होतं हे सांगावं लागलं असतं. आणि मग ते वडिलांपर्यंत गेलं असतं, की त्यांचं धान मुलाच्या विसरण्यामुळे कणी झालं. आमच्या दोघांच्या चुका एकाच दोरीत अडकल्या होत्या. एक ओढली की दुसरी येणार. मी शेठच्या खोलीतून बाहेर आलो तो मामाजींवर आणखी चिडून, की धड उघडंही पाडता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेत होतो. ग्लास नुकता ओतलेला, मला काठाला धरणंही जमत नव्हतं. मामाजींनी तो अंगठा आणि तर्जनीत घट्ट धरला होता आणि माझ्याशी बोलत होते. मी बघत राहिलो. त्यांच्या तर्जनीवर आधीचाच एक फोड होता, आणि त्याच्या बाजूला कातडी लाल होत चालली होती.

"मामाजी, बोट भाजून राहिलं."

त्यांनी बोटाकडे पाहिलं. मग ग्लास खाली ठेवला. ते बोट दुसऱ्या कोणाचं असावं तसं ते त्याला उलटंपालटं करून बघत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"कायले विचारता बाबू. तुमाले तं माहीत हाय." ते हसले. "पडदा झाकून अठरा म्हनलं तवाच समजलो, का बाबूनं पकडलं. तरी म्हनून गेलो. काय म्हनू? हात काही सांगून नाही रायला."

मग सगळं निघालं. दोन वर्षांपासून अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत मुंग्या. आधी मुंग्या, मग बधिर. झोपेत हात असा दुखायचा की उठून बसावं लागायचं आणि झटकावा लागायचा. झटकला की जरा बरं. परखी, म्हणजे पोत्यात खुपसून दाणे काढायची ती पोकळ लोखंडी सळई, हातातून निसटायची. सदऱ्याची बटणं सून लावून द्यायची. मोहाच्या बियांचं तेल गरम करून चोळलं, एका माणसाकडून नस बसवून घेतली, मनगटाला काळा दोरा बांधला. कोणी म्हणालं शीर चढली, कोणी म्हणालं वात. डॉक्टरकडे का नाही गेलात, असं मी विचारलं.

"डाक्टर पट्टा बांधते हाताले. तो पट्टा घालून फाटकावर उभा राहू? लोक म्हनतील, मामाजीचा हात गेला. मंग मामाजी कोन?"

मीही गव्हाचं सांगून टाकलं. ते ऐकून ते इतके हसले की टपरीवाला बघायला लागला. "म्हनजे तुमी आंधळे आन मी तुमच्या खांद्यावर हात ठेवून चाललो," ते म्हणाले.

संक्रांतीनंतर धानाची आवक मंदावली तेव्हा मी त्यांना मोटारसायकलवर गोंदियाला नेलं. मिलमध्ये सांगितलं, भाच्याच्या लग्नाची खरेदी. 

डॉक्टर बोलके होते. त्यांनी कापसाची वात घेतली आणि म्हणाले, "काका, डोळे मिटा. मी बोटाला लावतो, कोणत्या बोटाला लावली ते सांगा." मामाजींनी डोळे मिटले. "आंगठा," ते म्हणाले. बरोबर. "मधलं." बरोबर. डॉक्टर चकित झाले. मी नव्हतो. ती नजर मी ओळखत होतो. डाव्या डोळ्याची फट, जिच्यातून दोन वर्षं माझा पडदा वाचला जात होता.

"डॉक्टर, त्यांच्या डोळ्यांवर रुमाल बांधा," मी म्हटलं.

रुमाल बांधला. वात अंगठ्यावर फिरली, तर्जनीवर फिरली, मधल्या बोटावर फिरली. ते वाट बघत होते. "लावा ना," ते म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "लावलंय, काका." वात करंगळीला लागली तेव्हा मात्र त्यांनी लगेच बोट उचललं. त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवलं नाही. मी भिंतीवरचं हाताच्या हाडांचं चित्र बघत बसलो.

मग डॉक्टरांनी मनगट वाकवून एक मिनिट धरायला लावलं, मनगटावर बोटाने ठोकून पाहिलं. प्रत्येक ठोक्याला मामाजींच्या बोटांत झिणझिण जायची. नसेची तपासणी झाली, साखर पाहिली, ती ठीक निघाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "दरेकसाचा रेल्वेचा बोगदा पाहिलाय ना? तसा एक बोगदा मनगटात असतो. खाली हाडं, वर जाड पट्टी. त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि एक नस. वर्षानुवर्षं मनगट वाकवून जोर लावला की आतल्या दोऱ्यांची आवरणं सुजतात. बोगदा तेवढाच राहतो. मग सगळ्यांत मऊ कोण? नस. ती दबते."

"मंग करंगळी काऊन बचली?" मामाजींनी विचारलं.

"तिची नस या बोगद्यातून जातच नाही. तिची वाट वेगळी."

मी हसलो. तिथे, डॉक्टरांसमोर, तोंडावर हात ठेवून हसलो. दोन तालुक्यांतले पारखी, दलाल, हमाल आणि एक बी.एस्सी. झालेला माणूस ज्या करंगळीची विद्या घोकत होते, ती विद्या एवढीच होती, की उरलेली बोटं कामातून गेली होती. मामाजीही हसले, पण जरा उशिरा.

डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तर झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा आणि थोडा आराम यावर भागलं असतं. एखादं इंजेक्शन. पण अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो बसला होता. नस बराच काळ दबलेली होती. "छोटं ऑपरेशन आहे. तेवढाच भाग बधिर करतो, वरची पट्टी सोडवतो, नसेला जागा होते. दुखणं लवकर थांबेल. स्पर्श मात्र हळूहळू येतो. कधी पूर्ण येतो, कधी येत नाही. आताच सांगून ठेवतो."

मामाजी तळवा बघत होते. "दुखनं गेलं तरी पुस्कळ," ते म्हणाले. पण मला माहीत होतं, की ते दुखण्यासाठी आले नव्हते.

ऑपरेशन झालं. अर्ध्या तासात ते हाताला पांढरी पट्टी बांधून बाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले, "मिलमधी सांगा, पडलो." पहिल्याच आठवड्यात ते सलग झोपू लागले. सुनेने मला सांगितलं, सासरे दोन वर्षांत पहिल्यांदा सूर्य वर येईपर्यंत घोरत होते.

फाटकावर आता मी एकटा होतो. मला हवं होतं ते हेच होतं. पण आलेला प्रत्येक माणूस आधी विचारायचा, "मामाजी कवा येते?" मी आकडा सांगायचो, ते ऐकायचे, आणि तरी करंगळीने धान घोळवून बघायचे. एकाने मला सुचवलं, "बाबू, तुमी बी हात झटकत जा. फरक पडते." माणूस घरी झोपला होता आणि त्याचा आजार माझ्या नाकासमोर कौशल्य म्हणून मिरवत होता.

उन्हाळी धान निघालं तेव्हा मामाजी परत आले. नेमकं त्याच दिवशी वडिलांचं धान आलं. फाटकावर गर्दी होती. मी मोजायला घेतलं, आणि माझ्या लक्षात आलं की मामाजी आज माझ्या उजव्या खांद्याशी नाहीत. ते ट्रॅक्टरच्या पलीकडे उभे होते. तिथून पडदा दिसत नाही.

वडिलांनी मूठ पुढे केली. मामाजींनी चिमूट घेतली, अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत, जुन्या पद्धतीने. कानाजवळ नेली. "थांबा," ते म्हणाले.

आम्ही थांबलो. ते चोळत राहिले. चिमटीतले दाणे एक एक करून खाली पडले, शेवटी बोटांत काही उरलं नाही.

"हात नाही सांगत," ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले. "दोन वर्षापासून नाही सांगून रायला. नस दबली होती. मी बाबूच्या मशीनचा आकडा पाहून सांगत होतो. आता त्याईलेच विचारा."

वडील पुढे झाले. "मंग दिवाळीनंतर माहं धान वापस केलं, तवा?"

गव्हाचा खटका मामाजींना माहीत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"तवा बी," मामाजी म्हणाले. "चूक माही होती."

मी तोंड उघडायला हवं होतं. तिथे पन्नास माणसं होती, आणि माझा बाप होता. मी वाटीचा स्क्रू आवळत राहिलो, तो आधीच आवळलेला होता.

वडील म्हणाले, "असू द्या मामाजी. हात हाय, थकते." मग ते वळले. सात वर्षांत पहिल्यांदा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "सांग गा, तुही मशीन काय म्हनते?"

"चौदा," मी म्हटलं.

संध्याकाळी घरी जेवताना वडील आईला सांगत होते, "असा मानूस नाही पायला. पन्नास लोकांत म्हनला, का चूक माही." मी भात कालवत होतो. हात गेल्यावरही हाच माणूस जिंकला होता, आणि जिंकताना माझी चूकही घेऊन गेला होता. त्याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मला त्यांचा हेवाच वाटत होता.

पंधरा दिवसांनी मामाजींनी काम सोडलं. सालेकशाच्या पुढे जंगलाकडेला त्यांची मुलगी दिलेली आहे, तिच्याकडे राहायला गेले. मोठं मशीन बसलं. फाटकावर मी एकटा आहे. हमाल अजून करंगळीनेच धान बघतात. मी त्यांना बोगदा, नस, सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हनूनच तं. बाकी बोटं मेली तरी करंगळी नाही मेली. तिच्यातच खरं."

या हिवाळ्यात मी मामाजींना भेटायला गेलो. गोंदियाहून गाडीने सालेकसा, पुढे एकाच्या मोटारसायकलवर. खिशात रुमालाच्या गाठीत वडिलांच्या शेतातलं धान होतं. सकाळीच मोजलेलं. खटका धानावर आहे ना, हे मी दोनदा बघितलं होतं. तेरा दशांश आठ. का नेलं ते मला नीट सांगता येणार नाही. 

मामाजी अंगणात दोर वळत बसले होते. अंगठ्याखालचा उंचवटा थोडा भरला होता. मनगटावर बारीक पांढरी रेघ. इकडचं तिकडचं बोलणं झालं, मग मी गाठ सोडली.

"कोनाचं हाय?"

"बाबांचं."

त्यांनी दोर बाजूला ठेवला. हात धोतराला पुसला. अंगठा आणि दोन बोटांत चिमूट धरली आणि कानाजवळ नेली. डोळे घट्ट मिटलेले, दोन्ही. अंगणात कोंबड्या दाण्यांसाठी जवळ आल्या होत्या. मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"चौदा," ते म्हणाले. मग पुन्हा चोळलं. "नाही. चौदाले जरासं कमी."

मग त्यांनी डोळे उघडले. साठी उलटलेला तो माणूस माझ्या तोंडाकडे निकाल लागायचा असावा तसा बघत होता.

"बरोबर आहे, मामाजी," मी म्हटलं. "तेरा दशांश आठ."

ते हसले नाहीत. चिमूट त्यांनी मुठीत बंद करून ठेवली. मला सोडायला रस्त्यापर्यंत आले तेव्हा म्हणाले, "तुमच्या बाबाले सांगा. म्हना, हात सांगून रायला आता."

"सांगतो," मी म्हटलं.

घरी पोचलो तर वडील ओसरीवर वाटच बघत होते. "भेटले का? हात कसा हाय त्याईचा?"

"बरा आहे," मी म्हटलं. "आता दुखत नाही."

वडिलांनी मान हलवली. त्यानंतर चार दिवसांनी त्यांचं धान फाटकावर आलं. ते सरळ माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय म्हनते?" मी वाटी भरली, खटका बघितला, आकडा वाचला. त्यांनी तो दशांशापर्यंत ऐकून घेतला. चिमूट त्यांनी कोणापुढे धरली नाही.

मामाजींचा निरोप अजून माझ्यापाशीच आहे.